पहिल्या वळीतला पहिला गोल

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना माझ्याकडं बघू नका. ठसका लागला तर मी जबाबदार न्हाय. आता काय आन् कुठनं सांगू तुमाला! जो घोळ मी घातलाय, तो इंदापूरपासून बारामतीपर्यंत कुणाच्या बापानं घातला नसंल. आन् गंमत बघा, एवढा घोळ घालून शेवटी जितलो बी मीच! पण कसा जितलो ते सांगताना अजून कान लाल व्हत्यात. तरी मीच सांगतो. न्हायतर दुसरं कुणीतरी सांगंल, आन् तिखटमीठ लावून सांगंल.

मी विलास. वस्तीवर सगळी मला तात्या म्हणत्यात. शेडनेटात ढोबळी मिरची लावतो, बाहेर वांगी, काकडी. वस्ती आमची इंदापूर-बारामती रस्त्याला, कालव्याच्या अल्याड. फाट्यावर आधी एक लिंबाचं झाड आन् त्याच्याखाली पत्र्याचा बसथांबा व्हता. रस्ता रुंद झाला, त्यात लिंब गेला आन् थांबाबी गेला. मागं काय राहिलं? ऊन!

आमची पल्लवी त्या फाट्यावरनं रोज बारामतीला कॉलेजला जाती. आता थांबा न्हाय, पाटी न्हाय, तर ड्रायव्हरला कळणार कसं की हितं थांबायचंय? पोरी दिसल्या तर थांबतो, न्हाय दिसल्या तर भुर्रर्र! एक दिवस असंच झालं. बस गेली, दुसरी बी गेली, पोरीचं प्रॅक्टिकल बुडालं. घरी आली ती तोंड लालबुंद करून. दप्तर टाकलं कॉटवर आन् म्हणली, "अप्पा, मला हे झेपंना. मी कॉलेज सोडते."

लई हुशार पोरगी हो माझी!

आमची मंगल, म्हंजे आमची मंडळी, भाकरी थापता थापता म्हणली, "मिरचीला ऊन लागतंय म्हणून एवढा मोठा नेट घातला. पोरीला सावली करायला जमंना व्हय?"

"अगं, चार वासे रोवून नेट टाकीन मी उद्या! पण बस थांबायला सरकारी पाटी पायजे ना!"

"मग आणा पाटी."

आणा म्हणं! मी काय पाटीला इंदापूरला गेलो न्हाय व्हय? एसटीच्या कचेरीत दिला अर्ज. तितला अधिकारी माणूस चांगला, पण नियमाचा. म्हणला, "एकट्याच्या अर्जावर थांबा होत नाही. ग्रामस्थांचा पाठिंबा दिसला पाहिजे."

आता पाठिंबा आणू कुठनं? ज्याच्या त्याच्या बुडाखाली मोटरसायकल. बसचं कुणाला काय पडलंय! त्यात आमचे पोपटराव. पेरूचे व्यापारी, वस्तीवरचं वजनदार प्रस्थ. त्यांच्याकडं गेलो तर मिशीवरनं बोट फिरवत म्हणले, "तात्या, तुला पुढारी व्हायचंय, म्हणून थांबा पायजे. मी न्हाय सही करणार." पोपटरावांनी न्हाय केली, म्हणून बाकीच्यांनी बी न्हाय केली. झालं! मी पल्लवीला म्हणलं, "बाळ, एक महिना काढ. थांबा मिळवला न्हाय तर नावाचा तात्या न्हाय." ती म्हणली, "एकच महिना, अप्पा."

आन् त्याच आठवड्यात, सकाळी मिरच्यांची क्रेटं घेऊन निघालो तर फाट्यावर काय बघतो?

फ्लेक्स! पण फ्लेक्स म्हंजे काय फ्लेक्स! बैलगाडी झाकंल एवढा. सोनेरी महिरप, दोन्ही अंगाला डरकाळी फोडणारे वाघ, मागं सूर्याची किरणं, वरनं गुलाबाच्या पाकळ्या पडत्यात, आन् ढळढळीत अक्षरात 'हार्दिक शुभेच्छा!'

सगळं जिथल्या तिथं. पण मधी जिथं उत्सवमूर्ती पायजे, तिथं नुसता पांढरा आकार. फेटा हाय, खांदे हायती, जोडलेले हात हायती, आन् तोंड न्हाय! खाली शुभेच्छुकांच्या गोलांच्या वळीच्या वळी. त्या बी पांढऱ्याफटक. प्रत्येक गोलाखाली नावाची लाल फीत, ती बी कोरी.

फ्लेक्स उभा व्हता गेनूआजाच्या पडीक तुकड्यात. आजा लिंबाच्या बुडख्यावर बसला व्हता. विचारलं, "आजा, कुणाचा वो फ्लेक्स?"

"पुण्याची एक पोरगी आली. फ्लेक्स लावू का म्हणली. म्हणलं, लाव."

"पण कुणाचा?"

"मी कशाला इचारू? फ्लेक्स म्हणल्यावर कुणाचा तरी असतोच की!"

बरोबर हाय का न्हाय? तुमीच सांगा. आमच्या भागात आजवर कुणाचाच नसलेला फ्लेक्स कुणी बघितलाय? मी गाडीवर बसूनच सगळा हिशोब लावला. कुणातरी मोठ्या माणसाचा वाढदिवस जवळ आलाय. जागा आधी धरून ठेवलीय. मधला फोटो शेवटी लागणार, म्हंजे मोठा धक्का द्यायचा बेत हाय. आन् खालचे गोल? ते ज्याचे त्यानं भरायचे!

आता तुमी म्हणाल, तात्या, तुमाला त्याच्याशी काय करायचंय? अवो, हितंच तर मेख हाय. आमच्याकडं मोठा माणूस अर्ज वाचतो का? न्हाय. पण फ्लेक्स वाचतो! गाडीतनं उतरला की आधी स्वतःचं तोंड बघतो, मग खाली बघतो कोण कोण हाय. पहिल्या वळीतला पहिला गोल म्हंजे जवळचा माणूस. तो विचारणार, "हे कोण?" आन् मी पुढं होऊन म्हणणार, "मीच तो. आन् हा आमच्या थांब्याचा अर्ज." खेळ खलास!

खरं सांगू का, मनात दुसरं बी एक व्हतं. आजवर मी लई फ्लेक्सवर शेवटच्या वळीत शेवटला असतो. पोपटरावांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तर माझ्या कपाळातनं खिळा ठोकलेला. माणसाला वाटतं की वो कधीतरी!

घरी येऊन सांगितलं. पल्लवी म्हणली, "अप्पा, तो फ्लेक्स लावणाऱ्या ताई मला भेटल्या व्हत्या. त्या म्हणल्या, ते वाढदिवसाचं न्हाय, ते..."

"तू अभ्यास कर. फ्लेक्समधलं तुला काय कळतंय!"

"अप्पा, ऐका तरी..."

"गप म्हणलं ना!"

तिनं पुस्तक उघडलं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

ठिबकच्या नळीचा तुकडा घेऊन गोल मोजला आन् गेलो इंदापूरला, इकबालभाईकडं. इकबालभाईचं फ्लेक्सचं दुकान. आमच्या भागातली निम्मी तोंडं त्याच्या कॉम्प्युटरात हायती. मी मोबाइल पुढं केला. मेव्हण्याच्या लग्नातला फोटो, फेटा बांधलेला, रुबाबदार. फक्त वाढप्याला "अरं जिलबी हिकडं!" म्हणून हाक मारताना काढलेला, त्यामुळं तोंड जरा उघडं व्हतं.

जरा म्हंजे, आतले दात बी मोजता आले असते.

इकबालभाई म्हणला, "तात्या, तोंड मिटलेला फोटो न्हाय का एखादा?"

घरी फोन लावला मंगलला. "अगं, माझा तोंड मिटलेला एखादा फोटो हाय का बघ."

ती म्हणली, "तोंड मिटलेलं मीच कधी बघितलं न्हाय, फोटो कुठनं आणू?"

इकबालभाई फोनवरचं ऐकून खुर्चीतनं पडायचा राहिला. म्हणलं, हसू नको, हाच काप. नावाखाली काय टाकायचं? मी छाती काढून सांगितलं, "अध्यक्ष, बसथांबा कृती समिती." असली समिती कुठं हाय, असं तुमी विचारू नका. व्हती ती माझ्या एकट्याचीच व्हती.

भर दुपारी, फाट्यावर कुत्रं बी नसताना, शिडी लावून पहिल्या वळीतल्या पहिल्या गोलात मी मला चिकटवला. खाली उतरून लांबनं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिला! डोळ्यात पाणी आलं वो. उगाच कशाला लपवू?

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोपटराव दारात.

"तात्या! पहिल्या वळीत? ते बी आमाला न विचारता?"

"पोपटराव, वरनं निरोप हाय," मी ठोकून दिलं.

आता खरा माणूस विचारंल ना, कसला निरोप, कुणाचा वाढदिवस? पण पोपटरावांनी विचारलं तर त्यांना म्हाईत न्हाय असं सिद्ध व्हतंय! ते म्हणले, "मला काय सांगतोस? मला परवाच फोन आला व्हता."

"मग तर तुमाला म्हाईतच हाय."

"म्हंजे काय! माझ्याशिवाय त्यांचं पान हलत न्हाय."

कुणाचं पान? मला म्हाईत न्हाय, त्यांना म्हाईत न्हाय. दोघं बी एकमेकांकडं बघून मोठ्या मानानं माना हलवतोय!

मग म्हणले, "दुसरा गोल माझा."

आन् तिथं माझी खोपडी चालली बघा. म्हणलं, "देतो. पण हा फ्लेक्स समितीच्या ताब्यात हाय. ज्याला गोल पायजे त्यानं फितीवर नावाखाली लिहायचं, 'सदस्य, बसथांबा कृती समिती'. तसा वरनं हुकूम हाय."

पोपटरावांची मिशी थरथरली. पण त्या दुसऱ्या गोलावर अजून कुणाचा डोळा असंल तर? मुकाट्यानं कबूल झाले. ज्या माणसानं सही दिली न्हाय, त्यानं तोंड दिलं!

पोपटराव चिकटले म्हणल्यावर मग काय विचारता! अख्खी वस्ती इंदापूरला पळाली. इकबालभाईच्या दुकानापुढं ही रांग! कुणी गॉगल लावून, कुणी ट्रॅक्टरला टेकून, कुणी कानाला मोबाइल लावून, जसा काय दिल्लीशीच बोलतोय. दोघं सख्खे भाऊ, बांधावरनं बोलणं बंद, ते म्हणले आमचे गोल शेजारी नकोत. मधी कुणाला घालायचं? गेनूआजाला घातला. आजा म्हणला, "माझा फोटो कशाला? मी हितंच तर बसलेला असतो!"

बायका बऱ्या मागं ऱ्हातील? मंगल बचत गट घेऊन आली आन् मधली एक वळ सबंध अडवली. म्हणलं, "अगं, आमी पुरुष मंडळींनी..."

"बसनं बाजाराला कोण जातं? तुमी का आमी?"

मी शिडी धरून उभा राहिलो. दुसरं काय करणार?

चार दिवसात फ्लेक्स भरला. मोकळा राहिला तो मधला फेटा. रोज सकाळी सगळे फाट्यावर येऊन आपापलं तोंड बघायचे आन् मधल्या मोकळ्या माणसाबद्दल बोलायचे. "लई साधा माणूस!" "गरिबाची जाण हाय बघा!" "मागं आजारी व्हते, आता बरे हायती." कोण आजारी? देव जाणे. पण एक झालं. फाट्यावर एवढी गर्दी बघून बस आपोआप थांबायला लागली. पल्लवी टाइमात कॉलेजला. एक दिवस बसमधनं माझ्याकडं बघून हसली पण ती. मला वाटलं, बापाचा अभिमान वाटला. आता कळतंय ते हसू कसलं व्हतं!

वाढदिवस कधी, ते मात्र कळंना. शेवटी पल्लवीनंच सांगितलं, "त्या ताई म्हणल्या, रविवारी सकाळी उद्घाटन हाय. पाहुणे येणार हायत. अप्पा, अजून एकदा सांगू का..."

"उद्घाटन? म्हंजे केक लागणार!" आन् मी निघालो बी.

बेकरीवाला विचारतोय, "केकवर नाव काय टाकू?" म्हणलं, "नाव कशाला? त्यांना सगळी ओळखत्यात. 'हार्दिक शुभेच्छा' एवढंच टाक." हलगीवाले सांगितले. फेटे आणले. पोपटरावांनी पेरूचा हार केला, एवढाले पेरू, क्विंटलभर वजन असंल. रविवारी सकाळी फाट्यावर जत्रा!

पुण्याकडनं दोन गाड्या आल्या. पहिल्यातनं एक पोरगी उतरली, सायली तिचं नाव, चित्रकलेचं शिकती. तिनं फ्लेक्स बघितला आन् दोन्ही हात तोंडावर धरले. "अय्या! सगळा भरला?" मागच्या गाडीतनं दोघंतिघं उतरले आन् शेवटी एक गृहस्थ. पांढरी दाढी, खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी. मी पोपटरावांना कोपरानं ढोसलं, "हेच! मोठी माणसं अलीकडं साधीच ऱ्हात्यात."

"मला काय सांगतोस? मी ओळखलं की!"

वाजव रे! हलगी कडाडली. मी पुढं झालो आन् कुणाला काय कळायच्या आत त्यांच्या डोक्यावर फेटा चढवला. पोपटरावांनी पेरूचा हार घातला, तसे ते गुडघ्यातनं वाकले. मंगलनं ओवाळलं. केकचा तुकडा घेतला आन् त्यांचं तोंड उघडं दिसलं म्हणून कोंबला. ते काहीतरी सांगायलाच तोंड उघडत व्हते बिचारे!

मग माइक घेतला. समितीचा अध्यक्ष म्हणल्यावर भाषण माझं!

"यांच्याबद्दल मी काय बोलावं? यांना कोण ओळखत न्हाय? लहानपणापासून मी यांचं काम बघत आलोय. या मातीसाठी यांनी काय केलं न्हाय? आपल्या कालव्याला पाणी..."

त्या गृहस्थांनी केक गिळला, दाढी पुसली आन् हळूच म्हणले, "अहो, मी सांगलीचा. चित्रकला शिकवतो. इथं आयुष्यात पहिल्यांदाच येतोय. आणि माझा वाढदिवस दिवाळीत असतो."

माइक चालू व्हता वो! अख्ख्या फाट्यानं ऐकलं. हलगी मधीच थांबली.

सायली पुढं आली. बिचारीनं लई गोड समजावलं. "काका, हा कुणाचाच वाढदिवस नाही. हे माझं चित्र आहे. आपण रस्त्यानं जाताना एवढे फ्लेक्स बघतो. मला वाटलं, तसाच हुबेहूब एक फ्लेक्स करावा, पण त्यातली माणसंच काढून टाकावी. रिकामी जागा बघून लोकांना काय वाटतं ते मला बघायचं होतं. मला वाटलं, लोक थांबतील, विचार करतील, एखादा हसेल. पण लोक स्वतःच आत जाऊन बसतील, असं स्वप्नात नव्हतं आलं! सगळ्यात आधी कोण बसलं?"

अख्ख्या वस्तीनं माझ्याकडं बोट केलं. आपल्या गावात एवढी एकी मी कधी बघितली न्हवती.

"म्हंजे मधी कुणीच न्हाय?" पोपटरावांचा आवाज चिरकला.

"कुणीच नाही."

"तात्या! तू म्हणला व्हतास वरनं निरोप हाय!"

"आन् तुमाला परवा फोन आला व्हता तो?"

झाली सुरुवात! कुणी म्हणतंय माझा फोटो काढ, कुणी म्हणतंय केकचं कोण भरणार, दोघं भाऊ तर भांडायच्या नादात एकमेकांशी बोलायला लागले. मी उभा माइक धरून. जमीन दुभंगावी आन् मी शेडनेटसकट आत जावं असं झालं. एवढ्यात पल्लवी शेजारी आली. उन्हानं तोंड लाल झालेलं. म्हणली, "अप्पा, मी सांगत व्हते."

तिचं ते लाल तोंड बघितलं आन् मला महिना आठवला. थोडेच दिवस राहिले व्हते. म्हणलं, लाज गेली ती गेली, पण पोरीचं कॉलेज जाऊ द्यायचं न्हाय! वर बघितलं. एवढी माणसं फ्लेक्सवर, एवढी माणसं खाली, आन् प्रत्येकाच्या नावाखाली काय लिहिलंय? 'सदस्य, बसथांबा कृती समिती'!

माइक परत तोंडाला लावला. "गप बसा सगळी! कोण म्हणतंय कुणाचा वाढदिवस न्हाय? आज आपल्या थांब्याचा वाढदिवस हाय! आपुन सगळ्यांनी तोंड दिलंय, आता कुणी मागं घ्यायचं न्हाय. ज्याला घ्यायचंय त्यानं शिडीवर चढून, सगळ्यांदेखत स्वतःचं तोंड स्वतः फाडावं!"

कोण फाडणार? इकबालभाईकडनं कुणी फुकटात छापून घेतलं व्हतं?

सगळ्यात आधी ते दाढीवाले गुरुजीच टाळ्या वाजवायला लागले, गळ्यात पेरू सांभाळत. मग हलगी. मग बचत गट. बारामतीची बस आली ती गर्दीत थांबलीच. ड्रायव्हरला केक, कंडक्टरला केक, खिडकीतनं हात आले त्यांना केक. उरलेला पल्लवीनं कापला. सायली फोटो काढती आन् रडती, रडती आन् फोटो काढती.

दुसऱ्या दिवशी तिनं काढलेला तो मोठा फोटो घेऊन मी कचेरीत. अधिकाऱ्याच्या टेबलावर पसरला. म्हणलं, "पाठिंबा दिसला पाहिजे म्हणला व्हता. दिसतोय का?"

त्यानं चष्मा लावून सगळी तोंडं बघितली. माझ्या गोलापाशी आल्यावर जरा जास्तच वेळ बघितलं. "एवढी माणसं खरंच बसला उभी असतात?"

"खरंच म्हंजे? दिवसरात्र उभी हायती. पावसात बी हलणार न्हायती!"

तो माणूस जो हसायला लागला, शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. मग स्वतः फाट्यावर येऊन पाहणी केली, आन् महिना संपायच्या आत पाटी लागली. विनंती थांबा! समितीचे सदस्य म्हणल्यावर आता मागं सरता येईना. पोपटरावांनी पाइप दिले, भावाभावांनी मिळून खड्डे घेतले, आन् वर सावलीला नेट माझं, ढोबळी मिरचीतलं. मंगल म्हणली, "एवढं आधीच केलं असतं तर?" पण डोळे तिचे बी भरले व्हते. सायली म्हणली, हे चित्र आता तुमचंच. म्हणून मावळतीच्या अंगाला ऊन अडवायला भिंतीसारखा तोच फ्लेक्स बांधला.

पल्लवी आता शेवटच्या वर्षाला हाय. एक दिवस खाडा न्हाय. जितलो का न्हाय मी? छातीठोकपणे सांगतो, जितलो!

थांबा, संपलं न्हाय.

उन्हाळ्यात कालव्याकडनं वारा सुटला. फ्लेक्स असा फुगायला लागला की वाटलं, थांब्यासकट बारामतीला जातोय. इकबालभाईला बोलावलं. असल्या मोठ्या फ्लेक्सला वारा जायला चंद्रकोरीसारख्या चिरा माराव्या लागत्यात. त्यानं एक मारली मधल्या रिकाम्या फेट्यात. म्हणला, "अजून एक लागंल, कडंला. वारा तितनं भरतोय."

कात्री बघून सगळी वस्ती ओरडली, "माझ्या तोंडाला लावायची न्हाय!" पोपटराव तर फ्लेक्सला पाठ लावून उभे राहिले. मग बघितलं, वारा नेमका कुठनं भरतोय? पहिल्या वळीतल्या पहिल्या गोलातनं!

मी काय बोलायच्या आत मंगल म्हणली, "इकबालभाई, ह्यांचंच काप. तसं बी उघडंच हाय."

आन् त्यानं बरोबर खालच्या ओठावरनं चीर मारली. झालं! तवापासनं वारा आला की माझं तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय. फडफड फडफड! दिवसभर! लहान पोरं पुढं बसून मला प्रश्न विचारत्यात.

परवा इंदापूरवरनं बसनं येत व्हतो. कंडक्टर नवीन. त्याला रुबाबात पाटीवरचं थांब्याचं नाव सांगितलं. तो म्हणला, "असा थांबा न्हाय आपल्याला."

"न्हाय कसा? मीच मिळवलाय तो!"

"काका, रोज जातोय मी या रस्त्यानं."

मागनं एक आजी म्हणल्या, "अरं, त्यांना 'तात्याचं तोंड' पायजे असंल."

"मग तसं बोला की! सगळी गाडी तेच नाव सांगून तिकीट काढती."

काय करता? मान खाली घातली, पैसे पुढं केले आन् बारीक आवाजात म्हणलं, "एक... तात्याचं तोंड." आन् गप बसलो. फाटा आला. तिथं वाऱ्यावर माझी बडबड जोरात चाललेली. कंडक्टरनं बाहेर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, परत बाहेर, परत माझ्याकडं. घंटी वाजवली आन् म्हणला,

"अवो, तुमीच व्हय ते? माफ करा काका, मिटलेलं असल्यावर वळखूच आला न्हाय!"